ओलं फडकं

थिवीच्या चढावर फियाट पुन्हा रुसली.
चोवीस डिसेंबर, दुपारचे साडेतीन.
धूर नाही, आवाज नाही, नुसती गप्प.
माझी आई भांडण झालं की अशीच व्हायची,
तिलाही ढकलून काही उपयोग नसे.

रुझार गॅरेजातून आला तो दहा नंबरचा पाना हलवत,
केसांत नखेत्राच्या कागदाचे तुकडे, लाल.
"सायबा, नटून कुठे?"
मयड्याला. मुलीच्या सासरी.
शलाकाचं पहिलं नाताळ.
म्हटलं तर माझंही.

"आणि नेताय काय?"
हा प्रश्न मला डिचोलीपासून छळत होता.
मागच्या सीटवर पिशवीत दोन बाटल्या.
अस्नोड्याच्या दुकानात पोरगा म्हणाला होता,
काका, गोड देऊ की सुकी?
सुकी म्हणजे काय, विचारायची लाज वाटली.
माझ्या लेखी सुकी म्हणजे बांगडे,
पावसाळ्यासाठी डब्यात भरून ठेवलेले.
वीज खात्यात तेहतीस वर्षं काढली
आणि निरोपाच्या समारंभालासुद्धा लिंबू सोडा प्यायलो.
म्हणालो, एक ही दे, एक ती दे.

रुझारने बॉनेट उघडलं. एक हात पंपावर,
दुसऱ्या हाताने बाटली उन्हात धरली.
"ही पोर्त. केकाबरोबर चालेल, म्हाताऱ्या खूश होतील.
पण सोरपोतेलाबरोबर काढू नका हां,
त्यात व्हिनेगर, हिच्यात साखर, ताटातच मारामारी.
जेवणाला ती दुसरी.
आधी बूच काढून अर्धा तास ठेवा, हवा लागू दे."
आणि गाडीला?
"गाडीला हवा जास्त झाली.
तापली की नळीत पेट्रोलची वाफ कोंडते.
फडकं आहे?"

काच पुसायचा जुना पंचा होता.
त्याने तो टरकन फाडला,
विहिरीच्या पाण्यात दोन्ही तुकडे बुडवले,
एक पंपावर टाकला, एक बाटलीला गुंडाळला.
"आता थांबायचं," म्हणाला,
आणि टायरवर बसून विडी पेटवली. पेट्रोलपासून लांब, असं त्याचं म्हणणं.

"बाई नाही आली?"
डोकं दुखतंय तिचं.
"कधीपासून?"
एप्रिलपासून.
लग्न एप्रिलात झालं होतं, हे मी सांगितलं नाही.
त्यानेही विचारलं नाही.
पुढच्या सीटवरचा डबा मात्र त्याला दिसला.
"यात काय?"
नेवऱ्या. पहाटे तळल्या तिने. चाळीस.
मी मोजल्या नव्हत्या, तिनेच आकडा सांगितला,
दोनदा.
रुझार हसला. "मग निम्मं डोकं उतरलंय, सायबा."

मग मी विचारलं, जे अस्नोड्यात विचारता आलं नाही:
त्यांनी ग्लास पुढे केला तर?
"घ्या. ओठ ओले करा, ठेवून द्या.
एक घोट म्हणजे काही शपथ नव्हे."

तिसऱ्या फेरीला इंजिन खोकलं, चौथ्याला धरलं.
त्याने दीडशे सांगितले, सणाचे म्हणून वीस सोडले,
आणि एक नेवरी मागून घेतली.
"वाटेत बंद करू नका," ओरडला,
"फडकं सुकलं की पुन्हा ओलं करा. दोन्ही."

म्हापसा ओलांडलं तसा काळोख पडू लागला.
प्रत्येक वळणावर डाव्या हाताने बाटली धरत होतो,
सीटवर तिच्या बुडाशी ओला गोल उमटला होता,
नेवऱ्यांच्या डब्याशेजारी.

मयड्याला फाटकाशी विहीणबाई उभ्या,
एस्पेरांसबाय, पिठाच्या हातांनी.
मागे शलाका. ती धावत आली नाही,
नुसती गाडीकडे बघत राहिली,
आणि मग पुढच्या रिकाम्या सीटकडे.
मी इंजिन चालूच ठेवलं. काच खाली करून म्हटलं,
बंद केली तर पुन्हा सुरू होईल, सांगता येत नाही.

एस्पेरांसबायने खिडकीतून हात घातला,
फडक्यासकट बाटली उचलली,
गालाला लावून थंड आहे का बघितलं.
"नाही झाली सुरू तर राहाल," म्हणाल्या,
"खोल्या काय कमी आहेत?"

शलाकाने डबा उघडला होता.
उभ्या उभ्या मोजत होती.
एकोणचाळीस, म्हणाली.

मी किल्ली फिरवली.