पसंतीक्रम

अप्पा बळवंत चौकात बावीस वर्षं
लोकांच्या पोरांच्या मार्कलिस्टा झेरॉक्स केल्या.
रात्री नऊलाही काच गरम असते.

शाल्मली विचारते, बाबा,
कॉम्प्युटरला पवई वर टाकू की कानपूर?
की दिल्ली?
मी म्हणतो, मेस कुठली बरी?
ती हसत नाही.

मला मशीनमधलं एवढंच कळतं:
कागद अडकला की आधी बटण बंद,
मग ज्या दिशेने चालला होता
त्याच दिशेने हळूच ओढायचा.
उलटा ओढला तर फाटतो.

उद्या पाचपर्यंत मुदत.
शटर अर्धं खाली.
यादीत पहिल्या नंबरवर तिने
पुण्याचंच कॉलेज टाकलंय
आणि मला दिसू नये म्हणून
लॅपटॉप
जरा भिंतीकडे वळवलाय.