रस्त्याच्या पातळीवर

माझ्या बेकरीला एकच खिडकी,
तीही फुटपाथला लागून.
त्बिलिसीत सव्वीस वर्षं
मी माणसं घोट्यापर्यंतच पाहत आलेय.
पाव मागायला वाकतात तेवढीच तोंडं दिसतात,
आणि वाकलेला माणूस, का कोण जाणे,
बोलतो जास्त.

त्या मंगळवारी पहाटे
हमरस्त्यावर रात्रभर घोषणा देऊन परतलेले बूट आले,
चिखलाचे, अश्रुधुराचा वास येणारे.
"सरकार आज पडतंय, लामारा. चार शोती दे."
मी भट्टीत ओणवी होऊन
भिंतीला चिकटलेले पाव सोडवले.
सरकारं पडलेली पाहिलीत मी.
पिठाचा भाव पडलेला
अजून पाहायचाय.

आठाला काळे बूट. चौदा जोड, एका तालात.
समोरच्या एतेरीच्या दाराशी थांबले.
जावयानं तिची सही घेऊन घर गहाण टाकलेलं,
सावकारानं विकलं,
घेणाऱ्याचा मेव्हणा मंत्रालयात आहे म्हणे,
की मेव्हणाच मंत्री,
गल्लीत यावरही दोन पक्ष.

मग गल्ली वाकू लागली.

निवृत्त भूमापक गुराम, झिजल्या टाचांचा:
"कायदा तो कायदा. सही करताना चष्मा लावायचा होता."
कुणी लाल सँडल: "मत त्यांनाच दिलं होतं ना? मग भोगा."
आणि नाझिब्रोला, एतेरीच्याच जिन्यातली,
रबरी चपलेत पाय चोळत:
"फार वाईट झालं गं. रात्रभर झोप नाही मला."
मग आवाज उतरवून,
"अंगणातली द्राक्षवेल आता कुणाच्या वाट्याला?"

बाकीच्यांच्या मला फक्त उंचावलेल्या टाचा दिसल्या.
फोन वर धरून
जगाला दाखवत होते सगळं.

तेवढ्यात तीन पोरं दारात आडवी झाली.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
खिडकीत अख्खी माणसं आली.
गाल फरशीला टेकलेले, केस पसरलेले,
आणि डोळे थेट माझ्या डोळ्यांच्या उंचीवर.
एकीच्या भुवईत पीठ असावं तशी धूळ.
"काकू, पाणी आहे?"
मी गजांतून पेला सरकवला.
बाहेर नाही गेले.
भट्टीत पाव होते, करपले असते.
हे मी तेव्हापासून स्वतःला
बरेचदा सांगितलंय.

त्यांना पायांना धरून ओढलं.
अख्खी माणसं पुन्हा
तुकड्यातुकड्यांनी खिडकीबाहेर गेली,
आधी चेहरे, मग कोपर,
शेवटी एक सुटलेला मोजा.
पेला कलंडून पडला तिथेच.

दुपारी त्या काळ्या बुटांतलाच एक वाकला.
विशीतला. नाडी सुटलेली.
"दोन द्या. गरम असतील तर."
गरम होते.
मी पैसे घेतले,
सुटे मोजून दिले, दोनदा मोजून,
आणि म्हणाले, "नाडी बांध, पडशील."
का म्हणाले?
जीभ पण सवयीचीच नोकर.

एतेरी शेवटी आली.
घरातल्या चपला तशाच,
पलंग, कपाट, सोफा पाठीमागे रस्त्यावर.
गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं वाकली.
"लामारा, माझी उधारी किती?
सोळा पाव ना?"
"चौदा," मी म्हणाले.
सोळाच होते.
त्या दिवशी गल्लीत
मी बोललेलं धड वाक्य तेवढंच,
तेही खोटं.
तिनं सोळांचे पैसे ठेवले.

रात्री हमरस्त्यावरून गर्दी परतली,
आरोळ्या, शिट्ट्या, कुणी गात होतं.
सरकार पडलं होतं की पडणार होतं, नीट कळेना.
सोफा अजून तिथंच होता,
माझ्या खिडकीला टेकवलेला.
चारपाच जण त्यावर दाटीनं बसले,
पाव मोडला, एकमेकांना दिला,
पाय गजांसमोर हलवत राहिले,
दमलेले, आनंदी पाय.

"कुणाचा गं हा?" एकीनं विचारलं.
"काय मऊ आहे."