बोलता येईल इतकंच

डॉक्टर तांबोळी म्हणाल्या, चाला.
पण चालता चालता बोलता आलं पाहिजे.
वाक्य मध्येच तुटलं, की समजा वेग जास्त झाला.
घड्याळबिड्याळ काढून ठेवा.

काढलं. मनगटावर एक फिकट कडं राहिलं,
चार वर्षं तळजाईला पळत आल्याची खूण.

मागच्या वेळी मी झोपून होते.
सगळे म्हणाले म्हणून; मलाही तेच बरोबर वाटलं.
छताच्या कोपऱ्यात एक कोळी जाळं विणायचा,
त्याला माझ्यापेक्षा जास्त काम होतं.
तरी जे व्हायचं ते झालंच.
झोपल्यामुळे नाही, आणि चालला असतात
तर चालल्यामुळेही नाही, असं बाई म्हणाल्या.
दोनदा म्हणाल्या.
मी ते औषधाच्या नावासारखं वहीत लिहून घेतलं.

आता नववा आठवडा.
आधी दोन मारी बिस्किटं, मग पाय जमिनीवर.
श्रीरंग स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडतो,
मागे अंड्यांचा ट्रे ठेवल्यासारखा.
"चढ नको हं."
चढ नकोच. गिरिपुष्पाच्या झाडांमधली
सपाट वाट धरते.

फाटकाशी जगदाळे मामींची रसाची गाडी:
दुधी, आवळा, गव्हांकुर. आणि कारलं.
कारल्याचा वास आला की पोटातलं सगळं
गळ्यापाशी येऊन उभं राहतं.
मी मोबाइल बघत असल्यासारखी
पलीकडून जाते.

खळदकर आजोबांना मी रोज तीनदा मागे टाकायचे.
आज कानटोपी सावरत ते मला मागे टाकतात,
पुढे जाऊन वळतात:
"काय, पाय दुखावला?"
"हो. घोटा."
दुसऱ्या दिवशी घरचं तेल आणून देतात,
बुचाला रबर गुंडाळलेलं.
एकदा खोटं बोललं की लंगडावंही लागतं.
कधी डावा, कधी उजवा; विसरते.

पण बोलायचं कोणाशी?
तीन महिने कोणाला सांगायचं नाही,
आणि बोलल्याशिवाय वेग कळत नाही.
तेव्हा परवा, बुटाची नाडी सैल करायला वाकले असताना,
तुझ्याशीच बोलले.
"इथे मुळं वर आलीत बघ. जपून."
पुढे काही सुचेना. लाज वाटली.
राजम्याच्या दाण्याएवढं तू,
तुला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे.

तरी सांगत गेले.
हा कट्टा. इथे सात वाजता माणसं हात वर करून हसतात,
विनोद कुणीच सांगत नाही.
तो सिंहगडाचा टॉवर. धुकं असलं की
तो असतो यावर विश्वास ठेवायचा.
या वळणावर तुझा बाप सायकलवरून पडला होता,
लग्नाच्या आधी. मी हसले होते.
खरचटलेलं भरलं, हसलेलं त्याला अजून लागतं.
आणि तुझ्याआधी एक येऊन गेलं.
त्याच्याशी मी एक शब्दही

वाक्य तुटलं.
चढ नव्हता. वेग नव्हता.
बाईंनी याबद्दल काही सांगितलं नव्हतं.
बाकावर बसले. कोमट पाणी प्यायले.
झाडीत मोर ओरडला, त्याचं त्याचं काहीतरी.
मग उठले, ते वाक्य तिथेच ठेवून,
आणि तुला म्हटलं, चल, आता उतार नाहीये, सपाटच आहे.
हे पूर्ण म्हणता आलं.

परतताना गाडीपाशी वास आला नाही.
कारल्याच्या टोपलीवर ओलं गोणपाट टाकलेलं.
मामींनी हाक मारली,
कागदाच्या पुडीत मीठ लावलेल्या आवळ्याच्या फोडी,
पैसे घेतले नाहीत.
माझ्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी.
"खा," म्हणाल्या, "घोट्याला चांगला असतो."

एक फोड तोंडात टाकली.
स्कूटरपर्यंत लंगडायचं राहूनच गेलं.