चार हजार सातशे दहा

मालवण. तंत्रनिकेतनाचा दुसरा मजला.
खिडकीच्या गजांना गंज, खाली कुणाच्या तरी खळ्यात
सुकत घातलेले बांगडे.
पीव्हीसीच्या नळीवर मी हातानं गुंडाळलेली कॉइल,
सहाशे वेढे, मोजताना तीनदा चुकलेले.
दहा मिलीहेन्री भरली. बाई म्हणाल्या, चालेल.
कॅपॅसिटर शून्य पॉइंट एक, अंगावर छापल्याप्रमाणे.

सूत्रात घातलं की येतात पाच हजार तेहतीस.
वर्गातल्या बाकीच्यांनी कालच जर्नलात उतरवलेत,
आलेखासकट, देवळाच्या कळसासारखा टोकदार.

नियाज सोलकर नॉब धरतो, मी पडदा बघते.
हिरवी, तिरकी, पोट सुटलेली अंडाकृती.
"वाढव." फुगते.
"कमी कर." मिटायला लागते,
उकडताना तिसरी उघडते ना, त्याच्या उलट.
"थांब. गेलं. मागे ये. अरे हळू,
नॉब आहे, सुकाणू नाही."

बाबा काळोखात इंजिन बंद करायचा,
वल्हं पाण्यात उभं धरून
दांड्याला कान लावायचा. खाली घोळ ओरडते म्हणे.
मला द्यायचा. कानाला ओलं थंड लाकूड,
बाकी काही नाही.
"आयकाक येना नाय?"
"नाय."
"मगे आनी आयक."

"आता?" नियाज विचारतो.
आता.
शिंपली पुरती मिटली. एकच रेघ,
तिरपी, सरळ, जरा थरथरणारी.
कॉइल एकीकडे ओढतेय, कॅपॅसिटर दुसरीकडे,
रापणीच्या दोन दोरांवरची दोन माणसं जशी,
कुणाचंच पाऊल सरकत नाही.
मधे शिल्लक फक्त शंभर ओहमचा रेझिस्टर
आणि त्यातून जाणारा सगळा प्रवाह.

आकडा: चार हजार सातशे दहा.
नियाज दोनदा पुसतो. मी दोनदा लिहिते.

केळुसकर बाई चष्मा वर करतात.
"सगळ्यांचे पाच हजार तेहतीस, तुमचेच कसे कमी?"
"सूत्र चुकलं असेल, बाई."
"सूत्र कशाला चुकेल?"
त्या कॅपॅसिटर चिमटीत धरतात,
त्याच्यावरची छपाई नखानं खरवडतात.
"हो बोलता ता सगळा खरा समजू नको."
आणि सही करतात.

संध्याकाळी धक्क्यावर बाबा फाटकं जाळं मांडीवर घेऊन.
मान वर न करता:
"काय गावला गो आज?"
"चार हजार सातशे दहा."
सुई थांबते.
"किलो?"