एक्केचाळिसावा प्रश्न

ट्रिएस्तेला उतरले तेव्हा वारा आधीच येऊन बसला होता.
स्टेशनबाहेर एका माणसाची टोपी रस्ता ओलांडून गेली,
तो तिच्यामागे धावला नाही,
पैसे चुकवून गेलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं
तसा नुसता बघत राहिला.

होस्टेल तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर चिठ्ठी डकवलेली,
भाषा न येताही कळली.
काउंटरवरच्या नीवेसने माझा पासपोर्ट आधी उलटा चाळला,
नगरपालिकेचा कर सुट्ट्या नाण्यांत मागितला
आणि दोन चादरी, एक अभ्रा हातावर ठेवला.
ज्याचं अंथरूण त्याने घालायचं.
कुलूप आहे?
नव्हतं. तिने खणातून काढून दिलं,
किल्ली बाटलीच्या बुचाला बांधलेली,
म्हणजे समुद्रात पडली तरी तरंगेल.
किल्ली घेऊन मी समुद्रात कशाला जाईन,
हे विचारण्याइतकं इटालियन माझ्यापाशी नव्हतं.

खाट चार, खालची.
वर ग्रात्सचा एक लांबलचक मुलगा, पाय बाहेर.
रेडिएटरवर कुणाचेतरी मोजे.
समोर खाट तीनवर पन्नाशीची बाई,
चष्म्याला दोरी, मांडीवर जाड पुस्तक, ओठ हलताहेत.
मला वाटलं, जप चाललाय.

रोझाल्बा. पार खालून आलेली, क्रोतोनेहून,
रात्र आणि अर्धा दिवस गाडीत.
सकाळी परीक्षा. कचेरीत कारकुनाच्या सहा जागा,
अर्ज नऊशे.
सहा बोटांवर दाखवले,
नऊशेला बोटं पुरेनात म्हणून नऊ दाखवून
हवेत दोन शून्यं काढली.
मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. विचार.

मी विचारत गेले.
ही भाषा बरीचशी लिहितात तशीच वाचतात, आपल्यासारखी,
त्यामुळे अर्थाशिवायही चालते,
शाळेत रामरक्षा चालायची तशी.
ती म्हणायची, आ. ची. बी.
मी मागच्या पानावर बोट ठेवून मान हलवायची.
चुकलं की स्वतःच्याच कपाळावर टिचकी.
एक्केचाळिसावा तीनदा चुकला.
वरचे पाय कण्हले, तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात गेलो,
फ्रीजला टेकून बसलो,
आत कुणाच्या दह्यावर नाव आणि वार लिहिलेला.
तिने पिशवीतून सुकी अंजिरं काढली, आत बदाम खुपसलेले.
खिडकीची झडप रात्रभर कुणी अडाणी तबलजी असल्यासारखी वाजत होती.
चौथ्यांदा विचारलं. बी!
ती एवढ्याने हसली की तोंडावर हात धरावा लागला,
तिने माझ्या, मी तिच्या.

सकाळी खाट तीन रिकामी.
वापरलेल्या चादरी टोपलीत टाकायच्या, अशी पाटी आहे,
तिने चौघडी घालून ठेवल्या होत्या, कडेला कड.
माझा हातआरसा माझ्या उशाला नव्हता,
तिच्या उशीवर होता. पालथा.

बाहेर पडले. चौकाच्या तोंडाशी वाऱ्याने धरलं,
पुढेही जाऊ देईना, मागेही.
तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एका म्हातारीने
माझा दंड पकडला, न विचारता,
आधार देत होती की घेत होती, सांगता येत नाही.
पिशवीतली कोबीची पानं दोघींना चापट्या मारत होती.
पलीकडे भिंतीचा आडोसा लागला तसा तिने दंड सोडला
आणि मागे न बघता औषधांच्या दुकानात शिरली.
मी काउंटरला टेकून उभ्याउभ्या काळी कॉफी प्याले,
इथे तिला नुसतं 'नेरो' म्हणतात.
घड्याळ पाहिलं. साडेदहा. पेपर सुरू झाला असेल.

दुसऱ्या रात्री खाट तीनवर स्केटबोर्डवाला पोरगा.
त्याने बूट त्याच गादीवर ठेवले.
मला राग आला, आणि तो कुठे ठेवावा कळेना.

निघताना नीवेसने बूच तळहातावर तोललं,
कोरडं आहे म्हणाली, जरा निराश झाल्यासारखी.

पास झाली का, ठाऊक नाही.
आडनाव विचारायचं राहून गेलं.
एक्केचाळीसचं उत्तर बी आहे,
हे मला अजून झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.
प्रश्न काय होता,
ते मात्र तेव्हाही माहीत नव्हतं.