नमुना गहाळ

नोंदवहीत लिहिलं आहे:
खोली दोनशे अकरा मीटर,
हातभर नमुना गहाळ.

गहाळ नाही, साहेब.
माझ्या घरी आहे, माठाखाली.
तिवईचा मोडलेला तिसरा पाय
झाला आहे तो, गेली नऊ वर्षं.

तेव्हा मोहटोल्याच्या तळ्यापाठी सरकारचे तंबू होते,
भोक पाडायचं यंत्र रात्रंदिवस घरघरायचं
आणि मी, मनिराम कापगते, रोजंदारीवर:
नळीतून निघालेली दगडाची कांडी धुवायची,
पिवळ्या रंगानं तिच्यावर खोली लिहायची,
पत्र्याच्या पेटीत निजवायची,
डोकं वरच्या अंगाला, पाय खालच्या.
उलटी ठेवलीस तर काळ उलटा होईल,
सोनटक्के मॅडम म्हणायच्या,
आणि हसायच्या नाहीत.

मातीच्या दोन पेट्या भरल्या. मुरमाच्या तीन.
मग तो लागला,
आणि संपेचना.

ओला असताना बघावा.
शिंगाड्याच्या सालीची लाली,
मधे जाड्या मिठाचे खडे,
आणि काळे, चकाकते तुकडे,
कंदिलाखाली सकाळी सापडतात
तसले पंख.

"एवढा मोठा दाना कसा जी याचा?"
सावकाश निवला म्हणून, मॅडम म्हणाल्या.
वणीकडचा काळा दगड उघड्यावर सांडला,
वारा लागला, झटक्यात आळला,
दाणा धरायला सवडच मिळाली नाही त्याला.
हा खाली राहिला. कोसभर जाड झाकण वर.
लाखो वर्षं कोणी उघडून पाहिलं नाही.

मला पारबता आठवली.
भात उतरवून ती झाकून ठेवते,
मी झाकण उचललं की हातावर पळी:
"निवू द्या ना जी जरासा, मोकळा होते."

मग मी विचारलं, एवढ्या खालचा,
तर तळ्याच्या पाळीशी उघडा कसा,
म्हशी अंग घासतात त्याला?
वर आणला कोणी?

मॅडमनी चहाचा पेला खाली ठेवला.
जमीन थोडी उचलली गेली म्हणा.
पण खरं म्हणजे, मनिराम,
तो फारसा आला नाही.
वरचं गेलं.

कुठं गेलं?
त्यांनी नुसता हात केला, वैनगंगेच्या दिशेला.

त्या रात्री अंगणात उताणा पडलो.
मोहाच्या शेंड्याच्या वर,
घुबड उडून गेलं त्याच्याही वर,
थेट चांदण्यांपर्यंत
एक अख्खा डोंगर नव्हता.
मला कितीतरी वेळ झोप लागली नाही
त्याच्या नसण्याखाली.

आणि मग ती दोनशे अकरावाली.
हातात आली तेव्हा कोमट होती.
मला वाटलं, ही अजून निवायची आहे.
मॅडम पलीकडच्या तंबूत. ऑपरेटर बिडी पेटवत होता.
टॉवेलात गुंडाळली, सायकलच्या कॅरियरला बांधली,
खड्ड्यांतून हळू चालवली, लेकरू असल्यागत.

दुसऱ्या दिवशी कळलं,
ती ऊब पात्याची होती. घासण्याची.
परत द्यायची तर काय सांगून द्यायची?
पारबता म्हणाली, "घरी वरवंटा आहे ना जी,
हे कायले आणलं?"
मग तिनंच ती तिवईखाली सारली.

तंबू उठले. पेट्या नागपूरला गेल्या.
खाली काय सापडलं, आम्हाला कोणी कळवलं नाही.

उन्हाळ्यात माठ पाझरतो,
कांडी भिजते, लाली जागी होते.
आकडे पुसले; शेवटचा एक तेवढा उरला आहे,
तोही पारबतेला हळदीचा डाग वाटतो.

आता ती दारात बसली आहे, सूप मांडीवर,
तांदूळ निवडते आहे.
एक खडा लागला. पांढरा, काचेसारखा.
चिमटीत धरून उजेडात पाहते घडीभर,
"आपल्याच बांधीतला," म्हणते,
आणि अंगणात फेकते.

कोंबडी धावत येते
आणि गिळून टाकते.