दोनशे ग्रॅम

ओनोमिचीत माझी गाडी खालीच राहते.
वर फक्त माणसं जातात, मांजरं,
आणि माणसाच्या पाठीवर बसेल तेवढं सामान.
म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी बजेट विचारत नाही,
विचारतो : पायऱ्या किती?

"एकशे बारा," फुसाए मिझोबुची फोनवर म्हणाल्या,
"आणि एक तुटकी. ती मोजायची की नाही, तुम्ही ठरवा."

मोजली.
कॅटलॉग बगलेत, टेप खिशात.
वर पोचेस्तोवर एक किलोचं यंत्र
माझ्या मनातून गळून पडलं होतं.
पासष्ट किलोंचं बिडाचं धूड,
ते उचलणारी पोरं या चढावर आता उरलीत कुठे.

दुकान केस कापायचं.
दाराशी पट्ट्यापट्ट्यांचा खांब, फिरायचा थांबलेला.
आत आरसा, आणि मधोमध ती खुर्ची :
चामड्याची, लोखंडी पायाची, जमिनीत चार बोल्ट.
तेइजींना जाऊन तीन वर्षं झाली.
"खुर्ची काढली तर," मी टेप ताणत म्हणालो, "इथे ऐसपैस..."
"खुर्ची हलणार नाही."
आवाज चढवला नाही त्यांनी.
टेप आपसूक सर्रकन आत गेली.

भिंतीपासून खुर्चीच्या दांड्यापर्यंत एकोणसाठ सेंटीमीटर.
खुर्ची मागे रेलली तर एकेचाळीस.
"मग एकेचाळीसच धरा. लोक रेलणार."

मी पानं उलटत गेलो.
हे गॅसवरचं, अर्ध्या किलोचं : याला धुराडं हवं,
आणि धुराडं निघणार ते थेट
वरच्या ओकुदांच्या वाळत घातलेल्या चादरींत.
हे गरम हवेचं : दाणे काचेत नाचताना दिसतात,
पण घरातली वायरिंग जुनी,
भाताचा कुकर लावला तरी दिवे मिणमिणतात.
हे फोनवरून चालतं, आपलं आपण बंद होतं...
"मग मी काय करू?"

आमच्या कंपनीत हे अजून कोणी विचारलेलं नाही.

"आणि आवाज?"
मला वाटलं, शेजाऱ्यांची काळजी.
म्हणालो, फारसा नाही, पंख्यात सगळं बुडून जातं.
"बुडायला नको," त्या म्हणाल्या. "दाणा तडकतो तो ऐकू यायला हवा.
यांची कात्री मला आतल्या खोलीत ऐकू यायची.
केस किती उरलेत, पाणी केव्हा ठेवायचं,
सगळं तिच्यावरून कळायचं."

मी कॅटलॉग मिटला.
एकशे बारा आणि एक पायऱ्या उतरलो,
डिकीच्या तळातून ते काढलं
जे दाखवायचं सोडून मी हल्ली नुसतं वागवतो :
जाळीचा डबा, लाकडी मूठ, खाली शेगडी.
एका वेळी दोनशे ग्रॅम.
कमिशन इतकं की परतीच्या वाटेवर एक वाटी नूडल्स.

कंगव्यांच्या फळीवर बसलं ते. वर चार बोटं जागा उरली.

त्यांनी मूठ फिरवायला घेतली.
आधी ओल्या गवताचा वास, मग पावाचा,
मग बराच वेळ काहीच नाही.
मी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला.
तडक्.
मग दुसरा, मग एकदम पाच-सहा.
त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मूठ फिरतच होती,
आणि कुठल्याशा एका तडक्यावर,
मला तरी तो बाकीच्यांसारखाच वाटला,
त्यांनी गॅस बंद केला.

दाणे निववले केस वाळवायच्या ड्रायरने, गार हवेवर.
फोलपटं उडाली, आरशाला लागली, जमिनीवर पसरली.
कोपऱ्यातला झाडू आधी हातात आला, मग त्या थबकल्या.
तरी झाडलं. चारही बोल्टभोवती, गोल गोल.

"बसा," म्हणाल्या. बसलो.
खुर्ची मागे गेली. डोकं भिंतीला लागलं नाही.

कॉफी कच्ची लागली. भाजल्यावर दोन दिवस थांबावं,
हे मीच सगळ्यांना सांगत असतो.
दोघांनीही कप संपवले.